भाषेचा रकाना

माझं काम लोकांना समजावून सांगायचं म्हणजे डोकेदुखीच असते. "पुस्तकं लिहिता का?" नाही. "मग लायब्ररीत आहात?" तसंही नाही. एका संस्थेकडे जुन्या वह्या, पत्रं, पुस्तकं, कागद येतात. त्यांच्या नोंदी करायच्या, आणि एखादा अभ्यासक आपल्या लेखाखाली त्यांचा संदर्भ देतो तेव्हा तो संदर्भ नीट लिहिलाय ना हे तपासायचं, एवढंच माझं काम. संस्था मुंबईत आणि मी नवीन पनवेलला, खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर. उरलेल्या अर्ध्यावर घरचे जेवतात.

प्रत्येक नोंदीत भाषेचा एक रकाना असतो. जगातल्या भाषांना तीन-तीन रोमन अक्षरांचे ठरलेले संकेत आहेत. मराठीचा एम-ए-आर, हिब्रूचा एच-ई-बी. पूर्वी जो तो मनाला येईल ते लिहायचा. कुणी 'मराठी', कुणी नुसतंच 'म.', आणि एका विद्वानांनी तर 'आपली' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. असल्या लोकांवर मी मनापासून वैतागायचे. तीन अक्षरं लिहायला यांचे हात झडतात का? संकेत बरोबर असला तर कुठल्याही देशात बसलेल्या माणसाला ती वस्तू सापडते. चुकला तर ती कपाटात असूनही नसल्यासारखी. नव्या मुलींना शिकवताना मी हे इतक्यांदा बोललेय की बोलताना माझं स्वतःचं लक्षही नसायचं.

आणखी एक संकेत आहे, यू-एन-डी. भाषा ठरवता आली नाही, असा त्याचा अर्थ. तो अगदी अधिकृत आहे, वापरायला कुणाची आडकाठी नाही. पण मी तो कधी वापरला नाही. पहिल्या वर्षी वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हिच्या नोंदींत एकही यू-एन-डी नाही, बघा जरा." मी तेव्हा तिशीतही नव्हते. ते कौतुक माझ्या डोक्यात जाऊन बसलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथून हललं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. सरकारी खात्यात नकाशे काढायची नोकरी करून निवृत्त झालेले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पिढ्यान् पिढ्या पनवेलचे. त्यांच्या दाराच्या चौकटीवर प्रार्थनेचा कागद ठेवलेली बोटाएवढी एक डबी तिरकी ठोकलेली आहे, आणि आत-बाहेर करताना त्यांचा हात आपसूक तिच्याकडे जातो. एके काळी त्यांचं निम्मं गणगोत चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आता बहुतेक सगळे इस्राएलला. थोरला भाऊही तिकडेच, चाळीसेक वर्षांपूर्वी गेलेला. दोघं दर शुक्रवारी दुपारी फोनवर एकमेकांचं तोंड बघत तासभर गप्पा मारायचे, आणि भांडायचेसुद्धा. "बोंबील तिकडे मिळत नाहीत, तरी म्हणतो सुखात आहे!" असं काका जिन्यात मला सांगायचे.

दोन वर्षांपूर्वी ते वर आले. हातात मलिद्याची बशी होती. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, केळ्याच्या चकत्या. घरात काही नवस मानला-फेडला असला की ते ही बशी आणून देतात. पण त्या दिवशी त्यांचं काम होतं.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरात जुन्या वह्या असतात ना? आमच्या बाबांची एक वही शोधाल का?"

त्यांच्या वडिलांनी सगळ्या प्रार्थना एका वहीत उतरवून काढल्या होत्या. घरात हिब्रू अक्षरं कुणालाच धड येत नव्हती, म्हणून भाषा हिब्रू आणि अक्षरं आपली, देवनागरी. आवाज कुठे चढवायचा, कुठे लांबवायचा यासाठी शब्दांवर स्वतःच्या खुणा केलेल्या. छापील पुस्तकं मिळतात, पण त्यांत पनवेलची चाल नाही, असं काकांचं म्हणणं. वडिलांच्या पुण्यतिथीला त्यांना ते वडिलांसारखं म्हणायचं होतं. थोरल्याने तिकडे जाताना ती वही शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांना दिली होती. ते तेव्हा गावाच्या इतिहासासाठी कागद जमवत होते. पुढे हेडमास्तर गेले आणि त्यांचं सगळं बाड कुठल्याशा संस्थेत गेलं.

ती संस्था आमचीच, हे मला लगेच कळलं. मी त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला. भाषा हिब्रू निवडली. छापील पुस्तकं आली, पनवेलची हस्तलिखित वही एकही नाही. 'प्रार्थना' शब्द टाकून पाहिला. भजनांची बाडं, आरत्या, चर्चची गाणी. वडिलांचं नाव टाकलं. काही नाही. हेडमास्तरांच्या बाडाची यादी उघडून बघायचं मला सुचलंही नाही. या सगळ्याला पंधरा मिनिटंही लागली नसतील.

"नाही काका," मी म्हणाले.

'मला सापडली नाही' असं मी म्हणाले नाही. 'नाही' म्हणाले. काका मान डोलवत उठले. बशी मी घासून, तिच्यात साखर घालून परत दिली.

त्या शुक्रवारी त्यांनी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, वही मी माझ्या हाताने हेडमास्तरांना दिली. काका म्हणाले, खोटं. मॅडमनी स्वतः शोधलं, कॉम्प्युटरात नाही. तू ती सामानात कोंबून नेलीस नाहीतर रद्दीत घातलीस, सांगायची हिंमत नाही तुझ्यात. शब्दाला शब्द वाढला. सत्तरी ओलांडलेली दोन माणसं, एक पनवेलला आणि एक समुद्रापार, एका वहीवरून एकमेकांशी बोलेनाशी झाली. हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना "तुम्ही होतात म्हणून खरं काय ते कळलं" असंही म्हणाले. मला बरं वाटलं होतं. आपल्या कामाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं वाटलं होतं.

त्यानंतर आठएक महिन्यांनी एका सकाळी जिन्यात काका भेटले. हवेत तळोज्याच्या कारखान्यांकडून येणारा तो उग्र वास होता, म्हणून मी नाकाला ओढणी लावून चालले होते.

"गेला तो," ते म्हणाले.

कोण, असं मी विचारण्याआधीच म्हणाले, "थोरला. झोपेतच. शेवटचं बोलणं काय आमचं, तर वही." एवढं बोलून ते दुधाची पिशवी घेऊन आत गेले.

गेल्या दिवाळीनंतर संस्थेने फतवा काढला, की जुन्या सगळ्या नोंदींतली भाषा ठरलेल्या नावाने आणि संकेताने पुन्हा तपासायची. माझ्या वाट्याला माझ्याच पहिल्या वर्षांच्या नोंदी आल्या. आपलं जुनं काम वाचताना जी गंमत वाटते ती मलाही वाटत होती. किती नेटकं लिहायचे मी! मग एक ओळ आली. 'वही. हस्ताक्षराचा सराव असावा. मजकूर लागत नाही. पनवेल.' भाषा एम-ए-आर. देणगीदार म्हणून हेडमास्तरांचं नाव.

मी लगेच काही जोडलं नाही. आधी वाटलं, सरावाची वही, तिची भाषा काय तपासायची? पण 'पनवेल' वाचल्यावर हात थांबला. मूळ वही उरणजवळ, द्रोणागिरीच्या गोदामात होती. संस्थेने पेट्या ठेवायला तिथे जागा घेतलीय. दुसऱ्या दिवशी मी गेले.

तिथलं सगळं एक बाई बघते. जवळच्याच गावची, एके काळी तिच्या आज्याचं तिथेच मिठागर होतं. पेटीचा क्रमांक ऐकून म्हणाली, "हाय ना बाय. नाय कशाला असंल?" आणि पाच मिनिटांत पेटी समोर.

पहिल्या पानाला कसर लागली होती. वरचा भाग खाऊन गेलेला, खाली फक्त आडनावाचं शेपूट, '...कर, पनवेल', आणि 'ही वही कोणी नेऊ नये'. शुद्ध मराठी. शेवटच्या पानावर रॉकेल, तांदूळ, काडेपेटी अशी यादी. तीही मराठी. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. एवढ्या ढिगाऱ्यात प्रत्येक पान कोण बघणार, म्हणून पहिलं, मधलं आणि शेवटचं बघायचं. मधलं पान उघडलं. देवनागरी अक्षरं, एकही शब्द ओळखीचा नाही, वर वळवळत्या रेघा. नोंद करणाऱ्या तेव्हाच्या मला, त्या पोरसवदा मुलीला, काय वाटलं असेल ते मला स्वच्छ आठवलं. अक्षरं आपली, पुढची-मागची पानं मराठी, मधे कुणीतरी अक्षरं गिरवलीत. यू-एन-डी लिहायचं जिवावर आलं होतं. एम-ए-आर लिहून मी पुढची वही उचलली होती.

ती बाई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने एक ओळ बोट न लावता अडखळत वाचली. "वाचता येतंय, पन कलत नाय," ती म्हणाली. "पोथी हाय काय कुनाची?" आणि पटकन मागे सरून तिने पायातल्या चपला काढल्या. जे तिला उभ्या उभ्या समजलं ते मला इतकी वर्षं समजलं नव्हतं. एक पान मागे गेलं की ओळींच्या शेवटी 'आमेन' होतं. पुन्हा 'आमेन'. मी ते पान त्या काळी उलटलं असतं तर?

संकेत बदलायला मला अर्धं मिनिट लागलं. एम-ए-आर खोडून एच-ई-बी. बदल जतन करायचा का, असं यंत्राने विचारलं, मी हो म्हटलं. मग नोंदीच्या इतिहासात कोणी केव्हा काय लिहिलं ते दिसतं, ते मी उघडलं. दोन्हीकडे माझीच आद्याक्षरं होती.

तिथून पुढचे दोन महिने मला आठवतात ते असे की घरात आणखी कुणीतरी होतं. काकांच्या थोरल्या भावाला मी आयुष्यात पाहिलं नाही. काका वहीबद्दल विचारायला आले तोवर तो माणूस माझ्या लेखी बोंबलापुरताच होता. पण आता मी लॅपटॉप उघडला की भाषेच्या रकान्याशी तोच बसलेला असायचा. काही बोलायचा नाही. मी बोलायचे. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मोठ्याने. "मी काय मुद्दाम केलं का?" मुलीने एकदा विचारलं, "आई, फोनवर आहेस का?" मी हो म्हटलं.

जिना मी सोडलाच. दोन मजल्यांसाठी लिफ्टची वाट बघत उभी राहायचे. लिफ्टच्या जाळीतून काकांचं दार दिसायचं तेव्हा मान खाली. खांदा कॉलनीतून स्टेशनकडे जाताना दुकानांच्या पाट्यांची भीती वाटू लागली. 'रॉयल मोबाइल ॲक्सेसरीज', 'फ्रेश चिकन सेंटर', 'दिल्ली चाट भंडार'. सगळी अक्षरं आपली. भाषा कुठली? मी फुटपाथवर उभी राहून पाट्यांना संकेत देत बसायचे आणि रिक्षावाले हॉर्न मारायचे. माझ्या शेकडो एम-ए-आरपैकी किती खरे आहेत, हा प्रश्न रात्रंदिवस डोक्यात. कुणाकुणाला मी 'नाही' म्हणून परत पाठवलंय? त्यातले किती अजून जिवंत असतील?

मधे मी वहीची पानं हिब्रूच्या एका जाणकारांना पाठवली. त्यांनी उलट टपाली कळवलं, की बाई, सगळं हिब्रू नाही. मृतांसाठी म्हणतात ती प्रार्थना अरामी भाषेत आहे, तिचा संकेत वेगळा. म्हणजे दुरुस्तीसुद्धा मी घाईनेच केली होती. आता त्या नोंदीत तीन भाषा आहेत. नोंद अगदी बिनचूक आहे. तिच्याकडे बघवत नाही.

काकांना सांगायचं नाही, असंही मी एकदा ठरवलं होतं. भाऊ तर गेला, आता सांगून दुःख वाढवायचं कशाला, असं स्वतःला पटवत होते. पण हे मी त्यांच्यासाठी ठरवत नव्हते. मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटत होती. 'तुम्ही होतात म्हणून खरं काय ते कळलं' हे वाक्य त्यांनी ज्या तोंडाने म्हटलं, त्या तोंडासमोर उभं राहायची भीती.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी वहीच्या सगळ्या पानांच्या छापील प्रती काढल्या आणि जिन्याने खाली गेले. काकांनी दार उघडलं, "बऱ्याच दिवसांनी," म्हणाले आणि चहा ठेवायला वळले. मी म्हटलं, चहा नको, आधी बसा.

पहिलं पान त्यांनी हातात घेतलं आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावरच होता. अर्ध्या आडनावावर त्यांनी अंगठा ठेवला. मग दुसरं पान, तिसरं. ओठ हलू लागले. मग आवाज आला. मी त्यांचा आवाज रोज ऐकते, पण हा तो नव्हता. हा जरा नाकातून येणारा, ताठ, कडक माणसाचा आवाज होता, आणि रेघ जिथे चढत होती तिथे तो चढत होता. पानभर म्हणून झाल्यावर ते थांबले. त्यांचा श्वास चढला होता.

"कुठे होती?"

"आमच्याकडेच," मी म्हणाले. "वीस वर्षांहून जास्त. हेडमास्तरांच्या बाडातच होती. मीच नोंद केली होती. अक्षरं मराठी दिसली म्हणून भाषा मराठी लिहिली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हिब्रूत शोधली. मग ती कशी सापडणार?"

मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. पण काका समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्षरं मराठीच आहेत की. बाबांचं अक्षर वळणदार होतं, तुम्हाला काय दोष द्यायचा." तो समजूतदारपणा मला सोसवेना. वाटलं, उठून निघून जावं.

मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू पोचलं.

"म्हणजे दादाने दिली होती."

"हो."

"हेडमास्तरांना दिली होती. म्हणाला तसंच."

"हो काका."

"मी त्याला चोर म्हणालो." त्यांनी पानं मांडीवर सरळ केली, कडा जुळवल्या. "तो म्हणाला, अरे, बाबांची शपथ घेतो. मी म्हटलं, बाबांचं नाव घेऊ नकोस. मॅडमनी बघितलंय. त्या शिकलेल्या आहेत, त्या कशाला खोटं सांगतील?"

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्यांनी टेबलावरचा फोन घेतला आणि भावाचं नाव शोधलं. वर हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो, डोक्यावर विणलेली टोपी, नाक थेट काकांचं. मी त्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खाली शेवटचा मेसेज काकांचाच होता. तो मी वाचला नाही, पण लांबलचक होता.

"वहिनींनी नंबर बंद केलेला नाही," ते म्हणाले. "फोन त्यांच्या उशाशी असतो."

त्यांनी माइकवर अंगठा दाबून धरला आणि ती जाणकारांनी अरामी म्हणून सांगितलेली मृतांसाठीची प्रार्थना, पूर्ण, वडिलांच्या चालीत म्हटली. जिथे जमलेल्यांनी 'आमेन' म्हणायचं तिथे ते थांबत होते. खोलीत त्यांच्याखेरीज मी एकटीच होते. मला तो हक्क आहे की नाही कळेना, म्हणून मी गप्प राहिले, आणि ते प्रत्येक वेळी तेवढाच वेळ थांबत राहिले. शेवटच्या थांब्याला मी म्हटलं, अगदी हळू. मेसेज गेला.

मला वाटलं, आता झालं. मी उठायला लागले.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी पुन्हा माइकवर अंगठा ठेवला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. "आता तुम्ही सांगा त्याला."

"मी? काका, मी काय..."

"माझं तो ऐकायचा नाही. शेवटी मी त्याला खोटं पाडलंय. तुमच्या शब्दावर पाडलंय. तुम्हीच सांगा."

सेकंद पुढे सरकत होते. मी माझं नाव सांगितलं. मी कुठे काम करते ते सांगितलं. वहीचा क्रमांक सांगितला, पेटीचा सांगितला, इतकी वर्षं तोंडपाठ झालेली भाषा सगळी बोलून टाकली. काकांनी अंगठा उचलला नाही.

"दादा," मी म्हणाले, "तुम्ही वही दिली होतीत. चूक माझी होती."